हंड्याच्या गळ्यावरची नावं

पाणी भरून झालं की गोदू हंड्यावर लगेच झाकण ठेवत नसे. आधी पदराने हंड्याचा गळा पुसायची, मग उजव्या हाताचा अंगठा त्या गळ्यावरून सावकाश फिरवायची आणि पुटपुटायची, "विठा. जनी. तुळशी." तिसऱ्या नावानंतर अंगठा थोडा पुढे सरकायचा, कोऱ्या जागेवर क्षणभर थांबायचा. मग झाकण, आणि मग चहाचं आधण.

अंबरनाथ पूर्वेच्या त्यांच्या दोन खोल्यांत पाणी कधी पहाटे साडेपाचला यायचं, कधी सातला, कधी यायचंच नाही. पण ज्या दिवशी आलं त्या दिवशी हे चुकलं नाही. तिची मुलगी किर्ती लहानपणी समजायची, ही कुठल्यातरी देवींची नावं असणार. दुसरीत बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे रोज कुठली प्रार्थना म्हणतात?" तेव्हा हिने उभं राहून सांगितलं, "विठा, जनी, तुळशी." वर्ग खदखदून हसला. घरी येऊन ती रडली, तेव्हा गोदू म्हणाली, "हसू दे त्यांना. उद्या एकेकाला विचार, तुझ्या आजीच्या आईचं नाव काय. बघू किती जणांना येतं."

किर्तीने खरंच विचारलं. कुणालाच आलं नाही. बाईंनाही नाही.

हंडा तांब्याचा होता, जाड पत्र्याचा, रुंद पोटाचा, बाईचा हात सहज आत जाईल अशा तोंडाचा. गळ्यावरची नावं कोरलेली नव्हती, टोचलेली होती. तांब्यावर पोलादी टोच्या उभा धरायचा, वरून लहान हातोडीचा एक ठोका, की एक ठिपका. ठिपक्याला ठिपका लावत अक्षर, अक्षराला अक्षर लावत नाव. भांड्यावर नाव घालायची ही जुनी रीत. गावात कार्य निघालं की साऱ्या आळीची भांडी एका मांडवात गोळा व्हायची आणि कार्य उरकलं की नाव वाचून ज्याची त्याच्या घरी जायची. नाव ज्याचं, भांडं त्याचं. त्यात वाद नसे.

आणि बहुतेक घरांत ते नाव पुरुषाचं असे, भांडं बाईने माहेरून डोक्यावर आणलेलं असलं तरी.

या एका हंड्याचं तसं नव्हतं. हा आईकडून लेकीकडे जायचा. लेकीच्या लग्नात आईने तो द्यायचा आणि देताना तिचं नाव गळ्यावर घालून घ्यायचं. आपलं नाव आपण घालायचं नाही, ते आईनेच घालायला हवं, एवढा एकच नियम. हे कुणी सुरू केलं ते ठाऊक नाही. विठाच्या आईने असणार, पण तिचं स्वतःचं नाव कुणी टोचलं नाही, त्यामुळे ते गेलं. विठाचं माहेर बारवी नदीच्या काठी होतं. ते गाव आज धरणाच्या पाण्याखाली आहे. उंबरठा नाही, विहीर नाही, सातबारा नाही. त्या गावातून वर राहिलेली, घरात दाखवता येईल अशी एकच वस्तू म्हणजे हा हंडा.

हंड्याच्या पोटाला डाव्या बाजूला एक पोचा होता. तो जनीचा. नवऱ्याने दुसरी बायको आणली त्या दिवशी जनी चुलीपाशीच होती. चुलीवरचं कालवण उतरवलं, हंड्यातलं पाणी अंगणात ओतलं आणि हंडा काखेत मारून माहेरची वाट धरली. उल्हास नदी उतरताना पाय घसरला आणि हंडा खडकावर आपटला. पुढे दीर न्यायला आला तेव्हा म्हणे जनीने विचारलं, "मला न्यायला आलायस का हंड्याला?" दीर खरं बोलला. म्हणाला, "घरात दुसरा हंडा नाय." जनी गेली नाही. हंडाही गेला नाही.

बुडाला पितळेचा एक डाग दिलेला होता. तो तुळशीचा, म्हणजे गोदूच्या आईचा. आंघोळीचं पाणी तापवून तापवून बूड झिजलं. तेव्हा गोदूचा बाप म्हणाला, मोडीत देऊ, स्टीलची दोन पिंपं येतील. तुळशी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बाप स्वतः हंडा घेऊन कासाराकडे गेला.

हे सगळं किर्तीला पुस्तकातल्या धड्यासारखं पाठ होतं. पोचा दाखवला की जनी, डाग दाखवला की तुळशी. दुसऱ्या घरांत फोटो असतात, यांच्याकडे हंडा होता.

फक्त गोदूचं नाव त्यावर नव्हतं. तिच्या लग्नात बाप आडवा आला. "हंडा घराबाहेर जायचा नाय. उद्या हिंदुरावाच्या लग्नात लागंल." हिंदुराव म्हणजे गोदूचा धाकटा भाऊ, तेव्हा अकरा वर्षांचा. तुळशी तेव्हा गप्प बसली. ते एकदाच गप्प बसणं तिला पुढे बारा वर्षं डाचलं. गोदूचा नवरा रंगाच्या कारखान्यात होता, तो काविळीने गेला, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पन्नाशी उलटलेली तुळशी कुळगावहून अंबरनाथपर्यंत उन्हातून चालत आली, डोक्यावर हंडा. दारात थांबली. रिकामा हंडा घेऊन लेकीच्या घरात शिरायचं नाही, म्हणून आधी चाळीच्या नळावर तो भरला, मग आत आणून ठेवला.

"नाव?" गोदूने विचारलं.

"घालू गो. आधी तू उभी राहा."

पुढल्या वर्षी तुळशी गेली. नाव राहिलं.

उभं राहायचं म्हणून गोदू उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये खूबचंद शेठच्या भांड्यांच्या दुकानात लागली. काम होतं चिंच आणि राख लावून पितळेची भांडी लखलखीत ठेवायचं. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा एक म्हातारा बसायचा. त्याचे डोळे चालेनासे झाले तसा तो गोदूला म्हणू लागला, "अक्षर आखून दे." गोदू चौथीपर्यंत शिकलेली. ती खडूने आखायची, तो टोचायचा. मग एक दिवस तो आलाच नाही आणि लग्नाची अठ्ठावीस भांडी नावावाचून तटली. गोदूने हात पुसले, पायरीवर बसली आणि टोच्या उचलला.

खूबचंद शेठ बाहेर आले. फाळणीनंतर आईच्या कडेवर बसून इथे आलेला माणूस. मराठी, हिंदी, सिंधी सगळं एकाच वाक्यात बोलायचा. "अदी," ते म्हणाले. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, आणि ते तिला पहिल्या दिवसापासून तसंच म्हणायचे. "अदी, ये शादी का माल है. आणि तू... लोक काय बोलणार?"

"काय बोलतील?"

शेठने नुसतं तिच्या कपाळाकडे पाहिलं.

लोक बोललेच. नवरीची आई आली, पायरीवर बसलेल्या गोदूला पाहून थबकली आणि शेठना म्हणाली, "अहो, विधवेच्या हातून नाव घालताय माझ्या मुलीच्या भांड्यांवर? काही शुभ-अशुभ?"

गोदूचा हात थांबला नाही. मान वर न करता ती म्हणाली, "बाई, माझा नवरा गेला तेव्हा घरातल्या सगळ्या भांड्यांवर त्याचं नाव होतं. सवाष्णीच्या हातून घातलेलं नव्हतं, चांगल्या धडधाकट पुरुषाच्या हातून घातलेलं होतं. वाचला का?"

बाईने एक भांडं उचलून न्याहाळलं. मग हळूच म्हणाली, "अक्षर चांगलं येतंय खरं."

"येतंयच. मुलीचं नाव काय?"

"वडिलांचं लिहून दिलंय ना चिठ्ठीवर. गावासकट."

"ते घातलं. हिचं काय?"

"तिचं कशाला?"

"जागा आहे," गोदू म्हणाली.

हे 'जागा आहे' पुढे चौतीस वर्षं चाललं. गिऱ्हाईक बापाचं नाव सांगे, आजोबाचं सांगे, गाव, तालुका, जिल्हा सांगे. गोदू सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "आणि हिचं?" कुणी चिडायचं, कुणी हसायचं. एक जण भांडी उचलून समोरच्या दुकानात गेला. तिथे विजेचं मशीन आलं होतं, पेनासारखं फिरवलं की नाव तयार. गोदू मागून ओरडली, "चिंच लावू नका हो फार! उडून जाईल." खूबचंद शेठ कपाळाला हात लावायचे, "अदी, गाहक को भगाती है!" पण त्यांनी तिला पायरीवरून उठवलं नाही. त्यांच्या गल्ल्याच्या मागे एक पितळी गडवा होता, सिंधहून आलेला. त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. एकदा त्यांनी तो गोदूपुढे ठेवला आणि आईचं नाव घालायला सांगितलं. नाव घालून होईपर्यंत दुकानात दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही.

किर्ती त्या पायरीच्या आडोशाला गृहपाठ करत मोठी झाली. शिकली, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात लागली. तिने लग्न केलं नाही. स्थळं आली, दोन जवळ आली, गेली. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. वाटायचं ते एवढंच, की रोज सकाळी आईचा अंगठा कोऱ्या जागेवर थांबतो, तिथे आईचं नाव नाही आणि त्यापुढे तिचंही नाही. दुनियेच्या लेकींची नावं घालणारी आपली आई आपलं नाव घालायला लग्नाची वाट बघत बसली, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. गोदूलाही ते कळत असणार. दोघी त्या विषयाला वळसा घालून चहा प्यायच्या.

हिंदुरावाने कुळगावची जमीन बिल्डरला दिली आणि वांगणीला फार्महाऊस बांधलं. पुढे हिरवळ, मागे आंबे, गेटवर दोन सिमेंटचे सिंह. वास्तुशांतीच्या आठवडाभर आधी त्याचा मुलगा सुयोग गाडी घेऊन अंबरनाथला आला.

"आत्या, हंडा दे ना चार दिवस. पूजेला पाहिजे. आप्पा म्हणाले, आपल्या घरचा जुना हंडाच हवा."

कार्याला कुणी भांडं मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही कुळगावची रीत गोदूच्या हाडात होती. तिने हंडा रिकामा केला, पुसला आणि सुयोगच्या हातात दिला. "पोच्याकडनं धर. पकड चांगली येते." किर्तीला त्या वेळी काहीतरी खटकलं होतं, पण आत्याने भाच्याला हंडा द्यायचा नाही तर कुणाला?

पूजेच्या सकाळी सुयोगनेच गाडी पाठवली. बंगल्यात शिरताच समोरच्या भिंतीत एक कोनाडा होता, वरून दिवा सोडलेला. त्यात नांगराचा फाळ, एक जातं, कंदील, आणि मधोमध हंडा. गोदू चपला काढता काढता थांबली. हंडा आरशासारखा चमकत होता. त्यात प्लास्टिकची सूर्यफुलं खोचली होती. पोचा ठोकून बाहेर काढला होता. आणि पोटावर ठळक, वळणदार अक्षरांत मशीनने लिहिलं होतं: राऊत घराणे, वांगणी. स्थापना १८९०.

गोदू पुढे गेली. किर्ती तिच्या मागेच होती, तिने पाहिलं, आईचा अंगठा सवयीने गळ्यावर गेला. डावीकडून उजवीकडे फिरला. कुठेच अडला नाही.

"बघ कसा चमकावलाय!" हिंदुराव धोतर सावरत आला. "उल्हासनगरात बफिंग करून आणला. तू पार काळा करून ठेवलावतास."

"अठराशे नव्वद साली कोण होतं रे आपलं?" गोदूने विचारलं.

हिंदुरावाने सुयोगकडे पाहिलं. सुयोग म्हणाला, "असंच टाकलं, आत्या. सगळे टाकतात. भारी दिसतं."

"आणि नावं?"

"कुठली नावं?"

"विठा, जनी, तुळशी."

"अगो, ते ठिपके होय? मला वाटलं गंज खाल्लाय," हिंदुराव म्हणाला. खोटं बोलत नव्हता, हे किर्तीला त्याच्या तोंडावर दिसलं. तो कोनाडा बांधताना त्याला घराण्याची आठवण झाली होती, आणि घराण्याची आठवण ज्यावर लिहिलेली होती तेच त्याने घासून टाकलं होतं.

"हंडा माझा आहे, हिंदू. पूजेला दिला होता. भिंतीत ठेवायला नाही."

माणसं जमत होती. हिंदुरावाचा आवाज खाली आला, पण धार आली. "तुजा कसा? तुजं नाव होतं का त्याच्यावर? सांग ना. तूच म्हणालीस, आयचं होतं. आय माजी पण होती."

गोदूने हंड्याच्या गुळगुळीत गळ्यावरचा हात काढून घेतला. जन्मभर लोकांना तिने हेच सांगितलं होतं, नाव ज्याचं भांडं त्याचं. किर्ती पुढे झाली. "मामा, आजीचं नाव होतं म्हणताय. ते तरी आता कुठे आहे? तुम्हीच पुसलंत."

"किर्ती, गप्प," गोदू म्हणाली. "पूजा होऊ दे."

दोघी भिंतीला टेकून बसल्या. गुरुजींनी पूजा सुरू केली. हिंदुराव आणि त्याची बायको, म्हणजे गोदूची वहिनी, पाटावर. नांदीश्राद्धाला गुरुजींनी वडिलांकडची नावं विचारली. बाप, आजोबा हिंदुरावाने सांगितले, पणजोबाला अडखळला, सुयोगने मोबाइलमधून कुठूनतरी काढून दिला.

"आता आईच्या माहेरची सांगा," गुरुजी म्हणाले. "आजी, पणजी. आठवत असतील तेवढी."

"आय तुळशी," हिंदुराव म्हणाला. "आणि आजी..." तो थांबला. डोकं खाजवलं. मग सगळ्यांसमोर मान वळवून त्याने बहिणीकडे पाहिलं.

"हंड्यावर होती," गोदू म्हणाली. "घासलीस."

खोलीत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. गोदू उठली. गुडघ्यावर हात देऊन, पण सरळ उठली. कोनाड्यातली सूर्यफुलं काढून तिने खुर्चीवर टाकली, हंडा उचलला, पाटाशेजारी आणून बसली आणि डावा हात हंड्यात घातला.

किर्तीला वाटलं, आई आता रडणार. गोदू रडली नाही. तिचे डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. हंड्याच्या गळ्याआड तिची बोटं काहीतरी चाचपत होती.

"टोच्याचा ठिपका वरून खाली जातो," ती म्हणाली, कुणा एकाला नव्हे, साऱ्या खोलीला. "वर खड्डा, तर आत फुगवटा. वरचं घासलं तरी आतलं राहतं. बफिंगच्या चाकाला हंड्यात शिरता येत नाही. ये रे सुयोग, घाल हात."

"मी?"

"तूच. तूच नेला होतास."

सुयोगने हात घातला. अंगावर कडक इस्त्रीचा कुर्ता, मनगटावर घड्याळ. आधी तो हसत होता, मग त्याचं हसू मावळलं. "आप्पा," तो म्हणाला, "आहे. दाणे दाणे लागतायत. ओळ आहे पूर्ण."

"विठा," गोदू म्हणाली. "पुढे जनी. पुढे तुळशी. घ्या गुरुजी, लिहून घ्या. पणजी, आजी, आई."

गुरुजींनी नावं घेतली. पितरांच्या पंगतीत विठाचं आणि जनीचं नाव पहिल्यांदाच कुणी उच्चारलं असेल.

मग गोदूने पिशवी उघडली. काम सोडून चार वर्षं झाली होती, पण हातोडी आणि टोच्या पिशवीतून गेले नव्हते. "वहिनी, तांदळाची अर्धी गोणी आहे का? खाली मऊ पाहिजे."

"अगो, मुहूर्त!" हिंदुराव म्हणाला.

"मुहूर्त घराण्याचाच आहे ना? मग घराणं लिहू दे."

हिंदुरावाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि पाट थोडा मागे सरकवला.

वहिनीने स्वतः गोणी आणली. हंडा आडवा ठेवून, डाव्या हाताची बोटं आत फुगवट्यांवर, उजव्या हातात हातोडी अशी गोदू कामाला लागली. टोच्या सुयोगला धरायला लावला. आतलं बोट सांगेल तिथे ठिपका. टक. टक. टक. लोक खुर्च्या ओढून जवळ आले. विठा आली, जनी आली, तुळशी आली. तुळशीनंतर गोदूचा हात एक नाव मावेल एवढी जागा सोडून पुढे गेला आणि टोचू लागला. पहिलं अक्षर उमटलं तेव्हा किर्तीला कळलं.

"आई, हे लग्नात घालायचं असतं."

"हे लग्नाचं भांडं नाही, पाण्याचं आहे," गोदू म्हणाली. "आणि मला हे सुचायला वीस वर्षं जास्त लागली. त्याचं मनात ठेवू नकोस."

किर्तीचं नाव पुरं झालं. मग गोदूने हातोडी उलटी करून दांडा तिच्यापुढे धरला. मधली जागा दाखवली.

"मला नाही येत."

"कुणाला येतं? घाल. आपलं आपण घालायचं नसतं."

"ते आईने घालायचं असतं पण."

"आई नाही आता. तू आहेस."

किर्ती बसली. प्रयोगशाळेत काचेच्या नळीवरची बारीक रेघ वाचणाऱ्या किर्तीने टोच्या तांब्यावर उभा धरला. पहिला ठिपका फार खोल गेला, दुसरा उडाला. 'गोदू' ही दोन अक्षरं उतारावरून चालल्यासारखी खाली घसरत गेली. झालं तेव्हा गोदूने अंगठा फिरवला. तिसऱ्या नावाच्या पुढे तो या वेळी अडला.

"वाकडं आलं," किर्ती म्हणाली.

"चांगलं खोल आहे," गोदू म्हणाली.

हिंदुराव पाटावर बसल्या बसल्या सगळं पाहत होता. शेवटी म्हणाला, "आणि माझं? ते राऊत घराणे?"

"राहू दे की. मशीनचं आहे. रोज चिंच लागली की चारपाच वर्षांत जाईल."

या वेळी हसण्याला कुणी खोकला जोडला नाही. हिंदुरावाच्या ओठाचा कोपराही हलला, मग त्याने मान फिरवली. "नेतेस आता?"

"पूजा व्हायची आहे. कार्याला दिलेलं भांडं मधेच उचलत नाहीत. पाणी भर, कलशाला घे. संध्याकाळी नेते."

जेवणावळ उठल्यावर वहिनी मागच्या दाराने एक पितळी घागर घेऊन आली. तिच्यावर हिंदुरावाचं नाव होतं, गावासकट. "वन्सं," ती हलक्या आवाजात म्हणाली, "ही माझ्या आईने दिलेली. जागा आहे का हो हिच्यावर?"

गोदूने घागर फिरवून पाहिली. "आहे. काय घालू, गुणाबाई?"

"ते इथलं नाव. लग्नात ठेवलेलं." वहिनीने एकदा दाराकडे पाहिलं. "पारू घाला."

चाळीस वर्षांच्या नात्यात हे नाव गोदूने पहिल्यांदा ऐकलं. तिने टोच्या उचलला.

संध्याकाळी हंडा किर्तीच्या मांडीवर बसून अंबरनाथला परत आला. दुसऱ्या दिवशी पाणी आलं, हंडा भरला आणि अंगठा फिरला. आता नावं पाच होती. पाचवं घेताना गोदू मुद्दाम आवाज चढवायची, म्हणजे आतल्या खोलीत किर्ती जागी व्हावी. तिला पूजेसाठी ठोकून काढलेल्या पोच्याची मात्र चुटपुट राहिली. "जनीला घालवलं रे मेल्यांनी," म्हणत एक दिवस तिने हातोडीच्या मागच्या बाजूने डावीकडे एक नवा पोचा पाडला. जुना होता तितका खोल नाही, पण हात बरोबर बसायचा.

पुढे दोन वर्षांनी, मार्च महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी गोदू झोपली ती उठली नाही. तोवर 'राऊत घराणे'तलं घराणं अर्धं पुसट झालं होतं, आणि अठराशे नव्वद तर पुरतंच गेलं होतं. हिंदुराव आला, बराच वेळ हंड्यापाशी बसला, आणि जाताना न सांगता नळाचं पाणी भरून ठेवून गेला.

गोदू गेली त्या बुधवारी किर्ती सकाळच्या पाळीला निघाली होती. घाईत होती, चप्पल शोधत होती. पाणी येऊन गेलं होतं. ओट्याशी उभी असलेली गोदू पाठमोरीच म्हणाली, "हंडा भरलाय गो. जाताना झाकण लाव, नि कालच्यासारखं तिरकं नको लावू."